हिशेब आणि प्रीती : 'स्मृतिचित्रे'तील ख्रिस्ती श्रद्धेचा विकास

१

मराठी आत्मचरित्रांत लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे स्थान आज वादातीत आहे. इ. स. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा गौरव सामान्यतः तीन गुणांसाठी केला जातो : निवेदनाची सहजता, विनोदाची निर्मळ जाण आणि स्वतःविषयी लिहितानाचा प्रांजळपणा. याखेरीज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महाराष्ट्रीय कुटुंबजीवनाचे चित्र म्हणून समाजेतिहासाचे अभ्यासक त्याचा उपयोग करतात, तर काव्याचे अभ्यासक रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) चरित्राचे एक प्रमुख साधन म्हणून त्याच्याकडे वळतात. या सर्व दृष्टी आपापल्या जागी यथार्थ आहेत. परंतु एक प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. 'स्मृतिचित्रे' हा धार्मिक ग्रंथ आहे काय? आणि असल्यास तो कोणत्या अर्थाने?

या प्रश्नाला आजवर दोन प्रकारची उत्तरे गृहीत धरली गेली आहेत. साहित्यरसिक वाचक ग्रंथातील धर्मांतर ही एक बाह्य घटना मानतो. पतीने धर्म बदलला, पत्नीची त्यात होरपळ झाली, पुढे तीही त्याच्या मागोमाग गेली आणि एका असामान्य संसाराची हकीकत त्यातून निर्माण झाली, असे त्याचे आकलन असते. उलट श्रद्धाळू ख्रिस्ती वाचक या ग्रंथाला 'साक्ष' मानतो; त्याच्या दृष्टीने सर्व प्रसंग दीक्षेच्या क्षणाकडे जाणाऱ्या पायऱ्या ठरतात. पहिल्या दृष्टीत श्रद्धा ही कथेची पार्श्वभूमी होते, दुसरीत कथा ही श्रद्धेचे केवळ उदाहरण होते. दोन्हींमध्ये ग्रंथाचे वैशिष्ट्य निसटते. लक्ष्मीबाईंच्या ठायी ख्रिस्ती प्रीती आणि ईश्वरावरील भरवसा यांची वाढ संसाराच्या नित्य व्यवहारात, म्हणजे पाणी भरणे, रांधणे, वाढणे, पैसा पुरवणे आणि आजाऱ्याची शुश्रूषा करणे यांत होते. आणि या वाढीचे अंतिम स्वरूप कोणत्याही एका प्रसंगापेक्षा ग्रंथाच्या निवेदनपद्धतीतच अधिक स्पष्टपणे प्रकट होते, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

हे वैशिष्ट्य ध्यानात येण्यासाठी मराठी ख्रिस्ती आत्मकथनाच्या आधीच्या परंपरेकडे पाहणे इष्ट होईल. 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीचे कर्ते बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि आपल्या धर्मांतराचा इतिहास 'अरुणोदय' (१८८८) या आत्मचरित्रात सांगितला. त्या ग्रंथाचे शीर्षकच त्याची रचना सुचवते : अंधार, संधिप्रकाश आणि मग सूर्योदय. तेथे मनाचा प्रवास प्रामुख्याने ग्रंथवाचन, शाळेतील संस्कार, मित्रमंडळींतील चर्चा आणि मतामतांची तुलना यांतून होतो. बुद्धीला एखादी गोष्ट पटते, पण जातीचे व कुटुंबाचे भय पाऊल पुढे पडू देत नाही. अखेर भयावर निश्चयाचा विजय होतो आणि दीक्षेने कथानक शिखरास पोचते. शिकलेल्या, वाद करू शकणाऱ्या, स्वतःचा मार्ग स्वतः निवडण्याची निदान काही मुभा असलेल्या पुरुषाचा हा अनुभव आहे.

लक्ष्मीबाईंना (१८६८–१९३६) यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते. त्यांना रीतसर शालेय शिक्षण मिळाले नाही. लिहिणे-वाचणे त्या विवाहानंतर शिकल्या. धर्मग्रंथांची तुलना करून निर्णय घेण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे कधी उभाच राहिला नाही. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा तो निर्णय त्यांच्यावर वीज कोसळावी तसा कोसळला. पुढची सुमारे पाच वर्षे पतिपत्नींच्या ताटातुटीची होती. लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाने काढलेल्या या काळात त्यांच्यापुढे प्रश्न होता तो सत्य कोणत्या धर्मात आहे हा नव्हे, तर ज्या माणसावर आपले सर्वस्व अवलंबून आहे त्याच्या घरी जाऊन अन्न शिजवता येईल काय, हा होता. मूलतः तात्त्विक असलेला प्रश्न येथे चुलीच्या आणि पाण्याच्या भाषेत विचारला गेला. त्याचे उत्तरही त्याच भाषेत मिळावे हे स्वाभाविकच होते.

३

ग्रंथाचा आरंभ या दृष्टीने अत्यंत अर्थपूर्ण आहे. लक्ष्मीबाई आपल्या कथेचा प्रारंभ स्वतःच्या जन्मापासून करीत नाहीत; वडिलांच्या विलक्षण सोवळ्यापासून करतात. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना, म्हणजे वडिलांच्या सासऱ्यांना, फाशी झाले आणि त्या आघाताने वडिलांच्या मनात विटाळाचे भय कायमचे घर करून बसले. बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेतल्याखेरीज घरात यायचा नाही, अशा नियमांच्या ओझ्याखाली सारे घर, विशेषतः आई, दबून गेलेली होती. ही हकीकत लेखिका हसत हसत सांगते. परंतु तिच्यातून सोवळ्याचे एक मूलगामी निदान आपोआप घडते. सोवळे हे येथे धर्माचे अंग म्हणून दिसत नाही, भयाचे रूप म्हणून दिसते. जगातील प्रत्येक वस्तूविषयी आणि प्रत्येक माणसाविषयी अविश्वास हा त्याचा गाभा आहे.

पुढे लक्ष्मीबाई टिळकांकडे परतल्या, तेव्हा हाच वारसा त्यांनी बरोबर नेला. पती ख्रिस्ती, परंतु पत्नीचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, भांडी वेगळी, अशी त्या घराची काही काळ व्यवस्था होती. टिळकांचा स्वभाव उतावळा असला तरी या बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही, हे महत्त्वाचे आहे. आणि मग जो बदल झाला, तो धर्मोपदेशाने झाला नाही. ईश्वराने माणसामाणसांत जाती निर्माण केल्या असत्या तर त्याच्या सृष्टीत त्या भेदाची काही खूण दिसली नसती काय, अशा साध्या विचारातून त्यांच्या मनातील गाठ सुटली आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय झाला. यानंतर १९०० मध्ये त्यांनी दीक्षा घेतली.

या क्रमाकडे लक्ष दिले पाहिजे. 'अरुणोदय'मध्ये मत आधी बदलते आणि आचरण त्याच्या मागून, अडखळत येते. 'स्मृतिचित्रे'त आचरणाची कोंडी आधी फुटते आणि मत तिच्या मागून निश्चित होते. दुसऱ्याच्या हातचे पाणी पिणे ही येथे धर्मांतराची परिणती ठरत नाही. तेच खरे धर्मांतर आहे. भयाच्या जागी विश्वास येणे ही घटना तेथेच घडते. विधी तिच्यावर फक्त शिक्कामोर्तब करतो. वडिलांच्या सोवळ्याने ग्रंथाचा आरंभ का केला, याचे कारणही येथे उमगते. लेखिकेने तसे योजून केले असो वा नसो, माणसाच्या स्पर्शाचे भय आणि माणसावरील प्रीती या दोन टोकांमध्ये तिची सारी कथा पसरलेली आहे.

४

तथापि अन्नपाण्याची अट गेली म्हणजे श्रद्धेची वाढ पूर्ण झाली, असे नाही. ईश्वरावरील भरवसा हा विषय टिळकांच्या संसारात रोजच्या रोज उपस्थित होत होता, आणि तो बहुधा पैशाच्या रूपाने. टिळक हे पर्वतावरील प्रवचनातील उद्याविषयी निश्चिंत राहण्याचा उपदेश शब्दशः मानणारे गृहस्थ होते. हाती आलेला पैसा समोर उभ्या राहिलेल्या गरजवंताला देऊन टाकणे, वाटेत भेटलेल्या निराश्रिताला घरी आणणे, पाहुण्यांची गणती न करणे, हा त्यांचा सहजधर्म होता. दुष्काळ आणि प्लेग यांनी गांजलेल्या त्या काळात अहमदनगरच्या त्यांच्या घरी आश्रितांची कधीच वाण पडली नाही. या वृत्तीची परिणती १९१७ मध्ये झाली. टिळकांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली, स्वतःला संन्यासी म्हणवले आणि 'देवाचा दरबार' या नावाने भारतीय वळणाच्या ख्रिस्ती बंधुसमाजाची कल्पना मांडली.

चरित्रकाराच्या दृष्टीला यात त्यागाचे उदात्त दर्शन होते. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीला ते होत नाही असे नाही. परंतु त्यांना त्याच वेळी रिकामा डबाही दिसतो. पतीने देऊन टाकलेल्या पैशाच्या पलीकडे जेवणाऱ्यांची संख्या आहे, वाण्याची उधारी आहे, मुलांचे कपडे आहेत. त्या टिळकांशी भांडतात, पैसा लपवतात, युक्त्या करतात, हरतात आणि पुन्हा चूल पेटवतात. वरवर पाहता हा श्रद्धा आणि व्यवहार यांचा संघर्ष आहे. आणि तसे मानणारा वाचक एक तर टिळकांना संत ठरवून पत्नीला संसारी ठरवतो, नाही तर पत्नीला शहाणी ठरवून टिळकांना बेजबाबदार ठरवतो.

ग्रंथाचा साक्षेपाने विचार केला तर ही विभागणी टिकत नाही. टिळकांचा भरवसा हा क्षणात झेप घेणारा आहे. परंतु त्या झेपेनंतर जो दिवस उगवतो, तो कोणाला तरी निभवावा लागतो. तो निभवण्याचे काम लक्ष्मीबाई करतात, आणि ते करताना प्रत्येक वेळी त्यांना असे आढळते की कसे का होईना, निभले. ही निभण्याची प्रचीती जमत जाऊन तिचा हळूहळू भरवसा होतो. टिळक आधी विश्वास ठेवतात आणि मग अनुभव घेतात. लक्ष्मीबाई आधी अनुभव घेतात आणि तो साठवून विश्वासाला पोचतात. पहिला मार्ग कवीचा आहे, दुसरा गृहिणीचा. ख्रिस्ती धर्मसाहित्यात पहिल्या मार्गाची वर्णने विपुल आहेत. दुसऱ्याचे इतके तपशीलवार आणि इतके अनलंकृत चित्र मराठीत तरी दुसरे नाही. त्यांच्या कुरकुरीलाही या चित्रात स्थान आहे. कुरकुर करीत करीत जे माणूस वाढते ताट मागे घेत नाही, त्याच्या ठायी श्रद्धा नाही असे कोण म्हणेल?

प्रीतीच्या बाबतीतही असेच घडते. प्रारंभी टिळक कोणाला तरी घरी आणतात आणि लक्ष्मीबाईंना ते पत्करावे लागते. पुढे पुढे आणणारा कोण आणि पत्करणारा कोण हे सांगणे अवघड होते. तारा ही मुलगी या घराची लेक होऊन वाढते. प्लेगच्या साथीत, जेव्हा आप्तही आजाऱ्यापासून दूर पळत होते, तेव्हा स्पर्शाच्या भयाच्या घरात जन्मलेली ही स्त्री रोग्यांच्या शुश्रूषेत उभी राहते. बालकवी ठोमरे (१८९०–१९१८) यांचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. हा तरुण कवी टिळकांच्या घरी राहिला, तो काही ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, आणि तो ख्रिस्ती झालाही नाही. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली, त्याचे रुसवे-फुगवे काढले आणि ग्रंथात त्याचे जे चित्र रेखाटले, ते मराठी वाङ्मयातील सर्वांत जिवंत व्यक्तिचित्रांपैकी एक आहे. या मायेत मतप्रसाराचा लवलेश नाही. जी प्रीती समोरच्या माणसाकडून काही घडवून आणण्यासाठी केलेली नसते, ती कशी असते, हे तत्त्वचर्चेच्या एका शब्दावाचून येथे दिसते.

५

येथपर्यंतचे विवेचन ग्रंथातील घटनांविषयी झाले. परंतु ग्रंथातील खरा पेच घटनांच्या पलीकडे, निवेदनाच्या पातळीवर आहे. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रीतीची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत झालेल्या अपकारांची नोंद न ठेवणे हे एक लक्षण आहे. आता आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार तर स्मृतीवरच उभा असतो. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याने आपले जीवन सांगायचे म्हणजे त्या अन्यायाची नोंद करणे अपरिहार्य होते. मग अपकारांची नोंद न ठेवणारी प्रीती आणि प्रत्येक तपशील जपून ठेवणारी स्मृती यांचा मेळ कसा बसावा? 'स्मृतिचित्रे' हे नाव धारण करणाऱ्या ख्रिस्ती ग्रंथापुढे हा प्रश्न अटळपणे उभा राहतो.

लक्ष्मीबाईंपाशी तक्रारीची सामग्री थोडी नव्हती. सासरचा जाच, पतीचा शीघ्रकोप, त्याची न सांगता घर सोडून जाण्याची सवय, धर्मांतराने झालेली मानहानी, आप्तांचे टोमणे आणि परावलंबनाची पाच वर्षे. यांपैकी एकही गोष्ट त्यांनी झाकलेली नाही. सौजन्याच्या नावाखाली सत्यावर पांघरूण घालण्याची, पुण्यपुरुषांच्या पत्नींकडून अपेक्षिली जाणारी रीत त्यांनी पाळली नाही. टिळकांचा राग, त्यांचा विसराळूपणा, त्यांचा हट्ट, हे सारे आहे तसे येते. हा ग्रंथ मुळात टिळकांच्या चरित्राची सामग्री म्हणून, पुत्र देवदत्त यांच्या आग्रहावरून आकारास आला हे लक्षात घेता, ही निर्भयता आश्चर्यकारक आहे.

परंतु अन्याय सांगणे निराळे आणि त्याचा हिशेब मांडणे निराळे. हिशेबात जमा-खर्चाच्या दोन बाजू असतात आणि शेवटी बाकी निघते. कोणाकडून काही येणे आहे, अशी भावना त्या मांडणीच्या मुळाशी असते. लक्ष्मीबाईंच्या निवेदनात अशी बाकी कोठेही निघत नाही. एखाद्या प्रसंगात पतीचा दोष दाखवून होतो न होतो तोच त्या प्रसंगातील स्वतःचे हास्यास्पद रूपही त्या दाखवून देतात. दोघांच्या भांडणात न्यायाधीशाची जागा त्या घेत नाहीत. दोघांकडेही थोड्या अंतरावरून, हसून पाहणाऱ्या तिसऱ्या माणसाची जागा घेतात. त्यांचा विनोद हा केवळ स्वभावगुण किंवा शैलीचा अलंकार नाही, हे येथे ध्यानात येते. दुःख खोटे न ठरवता त्यातील विष काढून टाकण्याचे ते साधन आहे. ज्या गोष्टीवर माणूस मनापासून हसू शकतो, तिच्याबद्दल त्याचे कोणाकडून काही येणे उरलेले नसते. पौलाने सांगितलेले लक्षण आणि आत्मचरित्राची गरज यांचा मेळ लक्ष्मीबाईंच्या विनोदाने घातला आहे. त्यांची स्मृती नोंद ठेवते. पण हिशेब ठेवत नाही.

येथे एक मौजेची विसंगती दिसते. संसारात पैशाचा हिशेब न ठेवणारे टिळक आणि तो ठेवण्यासाठी धडपडणाऱ्या लक्ष्मीबाई, असे चित्र ग्रंथभर आहे. परंतु जेथे हिशेब न ठेवणे खरोखर कठीण असते, त्या मनाच्या वहीत लक्ष्मीबाईंनी काही मांडूनच ठेवले नाही. पतीच्या ज्या गुणाशी त्या आयुष्यभर झगडल्या, तोच गुण अधिक खोल जागी त्यांच्यात मुरला, असे म्हणावे लागेल. दोन जिवांच्या सहवासात श्रद्धा एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, याचे याहून मार्मिक उदाहरण शोधणे कठीण आहे.

६

या मांडणीवर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, ग्रंथात प्रार्थनेचा, पापबोधाचा अथवा ख्रिस्ताच्या व्यक्तित्वाशी झालेल्या आंतरिक संवादाचा विस्तार फारसा नाही. मग त्याला ख्रिस्ती श्रद्धेच्या विकासाचे चित्र कसे म्हणावे? हा आक्षेप पूर्णतः निराधार नाही. टिळकांच्या 'अभंगांजली'त जी आर्तता आहे, ती येथे शोधणाऱ्याची निराशा होईल. तुकारामांच्या अभंगवाणीच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानीत. लक्ष्मीबाईंना असा वाङ्मयीन सेतू नव्हता, आणि आपल्या अंतर्यामीच्या उपासनेविषयी त्या बव्हंशी मौन पाळतात. परंतु त्यांची श्रद्धा तत्त्वदृष्ट्या उथळ होती, असा निष्कर्ष त्या मौनावरून काढता येणार नाही. टिळकांनी आरंभिलेले आणि थोड्याच अध्यायांवर थांबलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी उतारवयात पुरे केले. त्यांच्या पश्चात १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. विवाहानंतर अक्षरओळख झालेल्या स्त्रीने ख्रिस्तचरित्राचे दहा-अकरांहून पुढचे सारे अध्याय रचावेत, याचा अर्थ त्या चरित्राशी तिचा नित्याचा परिचय होता, असाच करावा लागतो. 'स्मृतिचित्रे'त तिने त्याचा उच्चार केला नाही, कारण तेथे तिला स्वतःची धार्मिकता सिद्ध करायची नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्त्रीच्या वाट्याला आलेल्या सक्तीला प्रीतीचे नाव देऊन तिचे उदात्तीकरण करणे, हा धर्मसाहित्याचा जुना दोष आहे. लक्ष्मीबाईंच्या सोसण्यातून भरवसा निर्माण झाला असे म्हणताना तोच दोष घडत नाही काय? याचे उत्तर ग्रंथातच आहे. लक्ष्मीबाईंनी सोसले ते मुकाट्याने नव्हे. पती बाटला म्हणून त्या लगेच बाटल्या नाहीत. पाच वर्षे दूर राहिल्या, परतल्यावरही आपली चूल वेगळी ठेवली आणि स्वतःला पटले तेव्हाच ती एक केली. त्यांचा निर्णय उशिरा झाला, म्हणूनच तो त्यांचा होता. सक्तीतून निर्माण झालेली वृत्ती एक तर कडवट होते किंवा लाचार. या ग्रंथाच्या भाषेत कडवटपणाही नाही आणि लाचारीही नाही. निवेदनाचा हा स्वरच त्या आक्षेपाचे सर्वांत समर्थ खंडन होय. मात्र त्यांच्या बाबतीत जे घडले ते कोणत्याही पत्नीच्या बाबतीत घडावे, असा सामान्य नियम त्यावरून काढणे लेखिकेला स्वतःलाच मान्य झाले नसते.

तिसरी मर्यादा मान्यच केली पाहिजे. अखेरचा भाग लेखिकेच्या २४ फेब्रुवारी १९३६ रोजी झालेल्या निधनामुळे अपुरा राहिला आणि तो देवदत्त टिळकांना पुरा करावा लागला. टिळकांच्या मृत्यूनंतरच्या वर्षांत, ज्याच्याशी भांडत भांडत भरवसा वाढला तो माणूस नसताना, ही श्रद्धा कशी टिकली, याचे चित्र आधीच्या भागांइतके भरघोस नाही. श्रद्धेच्या विकासाचा अभ्यास करणाऱ्याला ही उणीव जाणवल्याखेरीज राहत नाही.

७

एकंदर विवेचनाचा मथितार्थ असा. 'स्मृतिचित्रे' हा धार्मिक ग्रंथ आहे. परंतु त्यातील धर्म घटनांना बाहेरून दिलेला अर्थ नव्हे, त्या घटना सोसण्याची, निभवण्याची आणि सांगण्याची रीत आहे. सोवळ्याच्या भयापासून परक्याच्या स्पर्शापर्यंत, उद्याच्या चिंतेपासून निभण्याच्या प्रचीतीपर्यंत, आणि अपकारांच्या नोंदीपासून हिशेब नसलेल्या स्मृतीपर्यंत, असा तिहेरी प्रवास त्यात घडतो. आणि या तिन्ही प्रवासांचे स्थळ एकच आहे, ते म्हणजे घर.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'पासून (१६१६) आरंभ करून बहुधा प्रतिपादन, भाषांतर आणि काव्य या अंगांनी केला जातो. श्रद्धेची कसोटी जेथे प्रत्यक्ष लागते, त्या नित्यव्यवहाराचे वाङ्मय या अभ्यासात गौण मानले गेले आहे. पत्रे, आठवणी, मंडळ्यांच्या नियतकालिकांतील, विशेषतः १८४२ पासून चालत आलेल्या 'ज्ञानोदया'तील, साधी लेखने या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहेत. तसे पाहताना श्रद्धेचा उच्चार किती वेळा झाला आहे, ही मोजणी फारशी उपयोगी पडणार नाही. लिहिणाऱ्याने आपल्या आयुष्यातील माणसांकडून काय येणे बाकी ठेवले आहे, हे पाहावे लागेल. 'स्मृतिचित्रे'च्या कर्त्रीने काहीच बाकी ठेवले नाही. तिच्या ग्रंथाचे ख्रिस्तीपण सिद्ध होण्यास तेवढे पुरेसे आहे.